‘मारुत’ किती बनली, किती उरली? सॅम्पल निवडण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

पेट निघाली, मुलाखत पार पडली, गाईडही मिळाले. आता ‘सॅम्पल कुठून आणायचं’ या प्रश्नावर गाडी अडली आहे, असे तुमच्यातले बरेच जण असतील. त्यांच्यासाठी हा लेख. तो एका लढाऊ विमानाबद्दल आहे. विमानापर्यंत मी कसा पोहोचलो ते आधी सांगतो, कारण त्यात माझे सात महिने गेले आहेत आणि तुमचे जाऊ नयेत अशी इच्छा आहे.

माझा विषय अ‍ॅल्युमिनियमचा गंज. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप तयार होतो आणि तो आतल्या धातूला सांभाळतो, इतपत ते खरं आहे. पण समुद्राकाठच्या हवेत मीठ असतं. मिठातले क्लोराइड आयन हा थर एखाद्या ठिकाणी फोडतात आणि तिथून एक बारीक खड्डा आत आत जात राहतो. बाकीचा पत्रा चकचकीत आणि एका जागी आरपार भोक, असा हा गंज. हे खड्डे किती वर्षांत किती खोल जातात, ते मला मोजायचं होतं.

मी राहतो जोगेश्वरीत. पुनर्विकासाला गेलेली इमारत पाडायला घेतली, की तिच्या खिडक्या, दारं, ग्रिल सगळं भंगाराच्या आणि जुन्या सामानाच्या दुकानांत येतं. ओशिवऱ्याच्या बाजूला अशा दुकानांची रांगच आहे. पंचवीस-तीस वर्षं खारा वारा खाल्लेलं अ‍ॅल्युमिनियम, तेही किलोवर! मला वाटलं, घबाड सापडलं. मी तुकडे जमवले, इमारतीचं वय विचारून लिहून ठेवलं, मायक्रोस्कोपखाली खड्ड्यांची खोली मोजली. निकाल फारच छान आला. प्रयोगशाळेत मिठाच्या फवाऱ्यात जेवढा गंज दिसतो, त्याच्या मानाने खऱ्या खिडक्या कितीतरी चांगल्या टिकल्या होत्या. परिषदेसाठी सारांशही पाठवला.

मॅडमनी आलेख पाहिला आणि एकच विचारलं: “या सगळ्या खिडक्या इमारत पडेपर्यंत टिकलेल्या आहेत. ज्या दहाव्या-बाराव्या वर्षीच सडल्या म्हणून लोकांनी बदलून टाकल्या, त्या कुठायत?”

त्या कधीच वितळून गेल्या होत्या. माझ्याकडे आल्या होत्या फक्त टिकलेल्या खिडक्या, आणि त्यांच्यावरून मी लिहिलं होतं की खिडक्या टिकतात! सारांश मागे घेतला. पुढचे आठ दिवस प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नाही.

त्याच आठवड्यातल्या रविवारी भाच्याला घेऊन वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो. जोगेश्वरीहून धीमी लोकल, महालक्ष्मीला उतरायचं. तिथे उघड्यावर एक जेट विमान उभं आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने बनवलेलं एचएफ-२४ ‘मारुत’. भाचा त्याच्याभोवती एक फेरी मारून आला आणि त्याने दोन प्रश्न विचारले: “मामा, अशी किती होती? आणि आता किती उरली?”

उत्तर एका ओळीचं असेल असं वाटलं होतं. घरी येऊन शोधायला बसलो तेव्हा कळलं, की या दोन प्रश्नांच्या मध्ये माझी अख्खी चूक दडलेली आहे.

आधी विमानाची ओळख

१९४० साली वालचंद हिराचंद यांनी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. वालचंद आपल्या सोलापूरचे. पुढे सरकारच्या ताब्यात आलेली हीच कंपनी १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. पन्नाशीच्या दशकात भारताने ठरवलं, की स्वतःच्या आराखड्याचं लढाऊ जेट बनवायचं आणि तेही ध्वनीच्या दुप्पट वेगाचं. त्यासाठी १९५६ साली जर्मन अभियंता कुर्ट टँक यांना बोलावलं. दुसऱ्या महायुद्धातलं प्रसिद्ध फोक-वुल्फ १९० हे लढाऊ विमान याच टँक यांच्या चमूने केलेलं.

काम कसं केलं बघा. आधी पूर्ण आकाराचा लाकडी ग्लायडर बनवला, तो डकोटा विमानाने ओढून वर नेला आणि सोडला. १९५९ पासून अशी कित्येक उड्डाणं करून आकाराची वागणूक तपासली. मग १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास या चाचणी वैमानिकाने पहिलं खरं विमान उडवलं. १९६७ साली हवाई दलाच्या १० नंबरच्या स्क्वाड्रनला ही विमानं मिळाली, त्यानंतर २२० आणि ३१ नंबरच्या स्क्वाड्रनला. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर १० आणि २२० या दोन स्क्वाड्रननी ती वापरली. खाली उतरून रेल्वे, रणगाडे, रसद यांच्यावर मारा करायचा, हे त्यांचं काम. १९९० च्या सुमारास मारुत सेवेतून गेलं.

मारुत कधीच ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडालं नाही. सपाट उड्डाणात ते जेमतेम ध्वनीच्या वेगापर्यंत पोहोचायचं. कारण इंजिन. आराखडा केला होता ब्रिटिश ऑर्फियस १२ हे इंजिन डोळ्यांसमोर ठेवून. आफ्टरबर्नरसकट त्याचा रेटा प्रत्येकी साधारण ३,७०० किलो असणार होता. (आफ्टरबर्नर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूत आणखी इंधन जाळून रेटा वाढवायची सोय.) पण ते इंजिन पूर्ण विकसित करायला लागणारा पैसा कोणी द्यायचा, यावर गाडी अडली आणि ते आलंच नाही. शेवटी ऑर्फियस ७०३ बसवलं, आफ्टरबर्नर नसलेलं. रेटा प्रत्येकी साधारण २,२०० किलो. ऑर्फियसचंच भावंड नॅट विमानासाठी आपल्याकडे बनत होतं, त्यामुळे ते हाताशी होतं. शरीर एका इंजिनासाठी आखलेलं आणि आत बसलं दुसरंच. या एका गोष्टीतून मारुतचे पुढचे बहुतेक ‘प्रकार’ जन्माला आले.

आता भाच्याच्या प्रश्नांकडे.

पहिला प्रश्न: ‘एक’ म्हणजे काय?

मोजायच्या आधी काय मोजतोय ते ठरवावं लागतं. मारुतच्या प्रकारांची यादी काढली तर अशी दिसते:

मार्क १. एक आसन, नाकात दोन्ही बाजूंना मिळून चार ३० मिलिमीटरच्या एडन तोफा, पोटात रॉकेटचा आत-बाहेर होणारा पेटारा. युद्धात लढलं ते हे.

मार्क १टी. शिकाऊ वैमानिकांसाठी दोन आसनांचं. दुसऱ्या आसनाला जागा करायची म्हणून तो रॉकेटचा पेटारा काढून टाकला. पहिलं उड्डाण एप्रिल १९७० मध्ये.

मार्क १ए आणि मार्क १आर. त्याच ऑर्फियसला आफ्टरबर्नर जोडून रेटा वाढवायचे प्रयोग.

मार्क १बीएक्स. एकच विमान. इजिप्त तेव्हा स्वतःचं एचए-३०० हे लढाऊ विमान बनवत होता आणि त्यासाठी ई-३०० नावाचं इंजिन तयार होत होतं. ते मारुतलाही चालेल का, हे बघायला एका मारुतमध्ये एका बाजूला ऑर्फियस आणि दुसऱ्या बाजूला ई-३०० बसवलं. १९६७ च्या मार्चमध्ये ते इजिप्तमध्ये उडालं. १९६९ मध्ये तो सगळा कार्यक्रम गुंडाळला गेला.

याशिवाय आणखी ताकदीच्या इंजिनांची, कागदावरच राहिलेली पुढची रूपं.

यादी वाचताना प्रत्येक ओळ सारख्याच वजनाची वाटते. ती तशी नाही. पहिल्या दोन ओळी कारखान्यात सलग बनलेल्या विमानांच्या आहेत, मधल्या ओळी प्रयोगांच्या आणि शेवटची ओळ निव्वळ इराद्याची. तुम्ही ‘मारुतचे सहा प्रकार होते’ असं वाक्य लिहिलंत, तर या तीन वेगळ्या जातींच्या गोष्टी एका टोपलीत टाकल्या. तुमच्या विषयात हेच होतं. सजीवाची प्रजाती आणि प्रयोगशाळेतला स्ट्रेन, बाजारात मिळणारा पॉलिमर आणि शोधनिबंधात एकदाच बनवलेला पॉलिमर, या जोड्या एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसतात आणि आपण त्यांची सरासरी काढून मोकळे होतो.

नावापायी होणारी चूक याच्या उलटही असते. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात मिग-२१ बनली. सगळ्यांना आपण ‘मिग-२१’ म्हणतो. पण तिथून आधी एफएल बाहेर पडलं, मग एम, मग बिस. एफएलच्या अंगात तोफच नव्हती, लागली तर पोटाखाली वेगळी टांगायची. एमच्या पोटात तोफ बसवलेली होती. बिसचं इंजिन आणखी वेगळं. १९७१ ची लढाई लढलं ते एफएल. ओझरला एमचं उत्पादन १९७३ पासूनचं. आता एखाद्या चौकात चबुतऱ्यावर ठेवलेलं मिग पाहून, त्याच्या तोफेवरून कोणी १९७१ बद्दल निष्कर्ष काढला, तर तो साफ चुकणार. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला, तेव्हा बहुतेक ठिकाणी ‘साठ वर्षं सेवा’ असं छापून आलं. नाव साठ वर्षं टिकलं हे खरं. यंत्र मात्र मध्ये तीन-चार वेळा बदललं होतं.

म्हणून पहिला नियम: वहीच्या पहिल्या पानावर लिहा, ‘माझ्या अभ्यासात एक म्हणजे...’ आणि वाक्य पूर्ण करा. मला ते जमलं नव्हतं. एक खिडकी म्हणजे एक नमुना, की एक चॅनेल, की चॅनेलचा एक तुकडा? एकाच खिडकीतून कापलेले चार तुकडे मी चार नमुने म्हणून मोजले होते. चारही एकाच भिंतीवर, एकाच वाऱ्यात राहिलेले. ते चार साक्षीदार नव्हते, एकाच साक्षीदाराने चार वेळा सही केली होती.

दुसरा प्रश्न: भागाकारात खाली काय आहे?

मारुतची संख्या सहसा १४७ सांगतात: एक आसनाची १२९ आणि दोन आसनांची १८. बेरीज जुळते, म्हणून आपण पुढे जातो. इथेच थांबायचं. या १२९ मध्ये कारखान्याची घडी बसण्याआधी बनवलेली सुरुवातीची विमानंही आहेत. प्रयोगांची विमानं बहुतेक या आकड्याच्या बाहेरची नाहीत, त्यातलीच काही बदलून घेतलेली. म्हणजे मार्क १बीएक्सची ‘एक’ संख्या १४७ मध्ये पुन्हा मिळवली, तर तेच विमान दोनदा मोजलं जातं. प्रकारांच्या तक्त्यातले आकडे उभे मिळवून एकूण संख्या काढायची नसते, हा धडा मला एका विमानाने शिकवला.

भाजक का महत्त्वाचा? ‘मारुत अजून बऱ्याच ठिकाणी बघायला मिळतं’ या वाक्याला स्वतःचा अर्थच नाही. १४७ पैकी किती, हे सांगितलं तर अर्थ आहे. माझ्या खिडक्यांचंही तेच. ‘मी जमवलेल्या तुकड्यांत खोल खड्डे कमी होते’ हे वाक्य खरं होतं. पण त्या इमारतींत मुळात किती खिडक्या बसवल्या होत्या आणि त्यातल्या किती माझ्यापर्यंत आल्या? मला माहीत नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे विचारायचं असतं हेही सुचलं नव्हतं.

आकड्यामागे काय असतं, याचं एक उदाहरण सांगतो. १० जानेवारी १९७० रोजी आफ्टरबर्नर लावलेलं मार्क १आर उड्डाण घेताच कोसळलं आणि त्यात ग्रुप कॅप्टन सुरंजन दास गेले. पहिलं मारुत उडवणारा माणूस तोच. सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मभूषण दिलं, बंगळूरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. प्रकारांच्या तक्त्यात मात्र मार्क १आरची ओळ तितकीच राहते: ‘प्रयोग, उत्पादन नाही.’ आपण ज्या ओळीवरून नजर फिरवून पुढे जातो, त्या ओळीत कोणाचं तरी आयुष्य असू शकतं. विदा म्हणजे आकडे हे मान्य, पण आकडा कुठून आला ते विचारणं हे सौजन्य नाही, ते कामच आहे.

तिसरा प्रश्न: जे उरलं, ते का उरलं?

मारुत आज कुठे दिसतं? वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. पुण्यात एरंडवण्याचं कमला नेहरू उद्यान. बंगळूरचं विश्वेश्वरय्या संग्रहालय आणि एचएएलचं स्वतःचं संग्रहालय. चेन्नईचं पेरियार विज्ञान केंद्र. दिल्लीत पालमचं हवाई दल संग्रहालय. आणि म्युनिकजवळ श्लाइसहाइमला जर्मन संग्रहालयाचा विमान विभाग. यादी इथे संपत नाही, पण जागांचा स्वभाव बघा: विज्ञान केंद्रं, बागा, संग्रहालयं. उडणारं एकही नाही.

म्हणजे ही विमानं ‘सर्वात मजबूत’ म्हणून उरलेली नाहीत. शेवटपर्यंत धड राहिली, योग्य वेळी कोणीतरी मागितली आणि नेऊन ठेवायला जागा होती, म्हणून उरली. म्युनिकजवळचं उरलं, त्याचं कारण टँक यांच्या देशाला त्यात रस होता. गंमत म्हणजे ज्याचं इंजिन मारुतला मिळता मिळता राहिलं, ते इजिप्तचं एचए-३०० सुद्धा त्याच संग्रहालयात आहे. कारखाने हजारो किलोमीटर दूर, पण दोघांचेही आराखडे जर्मन अभियंत्यांचे. तिथे फिरणाऱ्या माणसाला वाटेल की जगातली जेट विमानं जर्मनांनीच आखली. संग्रह कोणी केला, ते संग्रहात दिसतंच.

टँक यांचं आधीचं विमान तर याहून बोलकं आहे. फोक-वुल्फ १९० वीस हजारांहून जास्त बनली. युद्ध संपल्यावर तळांवर धडधाकट उभी असलेली बहुतेक विमानं जेत्यांनी भंगारात काढली. आणि १९४३ मध्ये लेनिनग्राडजवळच्या जंगलात उतरून पडलेलं एक विमान झाडीत झाकलं गेलं म्हणून वाचलं. ते १९८९ साली सापडलं आणि पुढे दुरुस्त होऊन पुन्हा उडालं. नीट ठेवलेली गेली, हरवलेलं राहिलं! टिकणं आणि चांगलं असणं यांचा संबंध आपण मनातल्या मनात जोडून टाकतो. तो संबंध तपासायचा असतो.

इथे तुमच्यातले संख्याशास्त्राचे लोक म्हणतील, हे तर आब्राहाम वाल्ड. बरोबर. महायुद्धाच्या काळात वाल्ड अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधन गटात होते. मोहिमेवरून परतलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणांवरून विमानाचा कुठला भाग किती नाजूक आहे, ते कसं काढायचं, यावर त्यांनी १९४३ मध्ये टिपणं लिहिली. मुद्दा असा: परतलेल्या विमानांच्या इंजिनावर खुणा कमी दिसल्या, तर इंजिनाला गोळ्या कमी लागतात असं समजू नका. इंजिनाला लागलेली विमानं परतलीच नाहीत. (तो लाल ठिपक्यांचा विमानाचा फोटो सगळीकडे फिरतो ना, तो वाल्ड यांचा नाही. पुष्कळ नंतर कोणीतरी समजावण्यासाठी काढलेलं चित्र आहे ते. टिपणांत आहे ते गणित. प्रेझेंटेशनमध्ये ते चित्र टाकाल तेव्हा तसं लिहा.)

हे वाल्ड १९५० च्या डिसेंबरमध्ये व्याख्यानांसाठी भारतात आले होते. निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून ते आणि त्यांची पत्नी दोघंही गेले. त्यांचं नाव आपण घेतो, ही गोष्ट क्वचितच कोणी सांगतं.

पण वाल्ड यांचा धडा पाठ करून थांबलात, तर पुढची चूक होते. मारुतने मला हा धडा थोडा जास्त खोलात दाखवला. १९७१ मध्ये ही विमानं खूप खालून उडत असल्यामुळे जमिनीवरून त्यांच्यावर सतत मारा व्हायचा. किमान तीन वेळा असं झालं, की एक इंजिन बंद पडलेलं मारुत दुसऱ्या इंजिनावर तळावर परत आलं. त्यातलं एक तर सीमेपलीकडे सुमारे २४० किलोमीटर आतून. आता विचार करा. एकाच इंजिनाच्या विमानात इंजिनावरची जखम परतलेल्या विमानांत दिसणार नाही, कारण ती जखम झालेलं विमान परततच नाही. दोन इंजिनांच्या मारुतमध्ये तीच जखम दिसेल. म्हणजे ‘उरलेल्यांत जे दिसत नाही तेच घातक’ हा काही छापील नियम नाही. काय गाळलं जाईल, ते चाळणी कशी आहे यावर ठरतं. प्रत्येक अभ्यासात ती चाळणी आपली आपण शोधावी लागते.

माझी चाळणी कुठली होती? घरमालकाचा खिसा. ज्या घरात पैसे होते, तिथे खराब खिडकी लगेच बदलली आणि जुनी वितळली. पैसे नव्हते तिथे सडलेली खिडकी दोरी बांधून, एमसील लावून शेवटपर्यंत राहिली. म्हणजे माझ्या ढिगात दोन्ही प्रकार होते: खरोखर टिकलेल्या आणि नाइलाजाने ठेवलेल्या. मॅडमच्या प्रश्नानंतर मला वाटलं होतं की माझे आकडे फक्त एका बाजूला झुकलेत. नीट पाहिल्यावर कळलं, की ते कुठे आणि किती झुकलेत तेही घरागणिक वेगळं आहे.

मग करायचं काय?

विदा टाकून द्यायची नाही. ती कशाबद्दल बोलते, तेवढंच तिच्याकडून ऐकायचं. मी केलं ते असं.

एक, भंगारातून उलटं जाण्याऐवजी इमारतीकडून सुरुवात केली. पाडायला अजून वेळ असलेल्या इमारती निवडल्या आणि तिथल्या सगळ्या खिडक्यांची यादी केली, बदललेल्यांसकट. कोणती कधी बदलली, ते घरोघरी विचारून लिहिलं. काकूंना साल आठवत नाही, पण ‘धाकट्याच्या बारावीच्या वर्षी’ हे पक्कं आठवतं. त्यावरून साल निघतं.

दोन, बदललेल्या खिडकीचा तुकडा हाती नसला, तरी ‘ती अमुक वर्षांच्या आत निकामी झाली’ एवढी माहिती उरतेच. आयुष्यमानाच्या विश्लेषणात अशी अर्धवट माहितीही वापरता येते. तुमच्या विषयात तिची पद्धत कोणती, ते संख्याशास्त्राच्या माणसाला पहिल्या वर्षीच विचारा. मी तिसऱ्या वर्षी विचारलं.

तीन, जुने भंगारातले तुकडे प्रबंधात ठेवले, पण वेगळ्या प्रकरणात. तिथे पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, की हे नमुने पाडकामापर्यंत राहिलेल्या खिडक्यांचे आहेत आणि ते सर्व खिडक्यांचे प्रतिनिधी नाहीत. हे वाक्य लिहिताना कमीपणा वाटेल अशी भीती होती. उलट झालं. प्रगती अहवालाच्या वेळी समितीने सर्वात जास्त वेळ त्याच परिच्छेदावर चर्चा केली, आणि पहिल्यांदाच मला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येत होतं.

नवे आकडे जुन्यांइतके छान नाहीत. आलेख विस्कटलेला आहे, काही इमारतींत खड्डे घाबरवण्याइतके खोल आहेत. पण आता कोणी विचारलं ‘बाकीच्या कुठायत?’ तर माझ्याकडे यादी आहे.

तुमच्यासाठी एक रविवार

मुंबईत असाल तर वरळीला, पुण्यात असाल तर कमला नेहरू उद्यानात जा. वही घेऊन जा. विमानासमोर उभं राहून आधी आसनं मोजा: एक की दोन? नाकाच्या बाजूला तोफांची तोंडं शोधा. शेपटाकडे जाऊन इंजिनाची दोन नळकांडी बघा आणि आठवा, की या विमानाची सगळी कहाणी तिथे काय बसवता आलं नाही, त्याची आहे. पत्र्याचे जोड, रिव्हेट, रंगाचे थर बघा. कुठला भाग मूळचा आणि कुठला नंतर रंगवलेला वाटतो, ते लिहा. शेवटी पान उलटून तीन ओळी लिहा: यातलं एक म्हणजे काय, एकूण किती होती, आणि हेच इथे का आलं.

मग त्याच पानावर, खाली, तुमच्या स्वतःच्या सॅम्पलसाठी तेच तीन प्रश्न लिहा. तिसऱ्याचं उत्तर सुचत नसेल तर सिनॉप्सिस आठवडाभर थांबवा. सात महिन्यांपेक्षा आठवडा स्वस्त पडतो.

भाच्याला मी उत्तर दिलं ते असं: “एकशे सत्तेचाळीस होती. किती उरली ते सांगतो, पण आधी तू सांग, ‘उरलं’ म्हणजे काय? उडायला हवं, की उभं राहिलं तरी चालेल?” त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “मामा, मग दोन याद्या करायला लागतील.”

बारा वर्षांचा आहे. मला हे कळायला पीएच.डी.चं तिसरं वर्ष लागलं.